बाजू असलेला माणूस : बर्नार लापोर्त यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

फोंडा तालुक्यातल्या आमच्या क्रीडा क्लबात आम्ही आपसात कोकणीत बोलतो, पण क्लबाचे इतिवृत्त पहिल्या पानापासून मराठीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्या इतिवृत्तात एक ठराव अर्धवट राहिला. वीस वर्षे गावातल्या मुलांना फुटबॉल आणि कबड्डी शिकवणाऱ्या आमच्या सरांना क्लबाचे अध्यक्ष करावे, असा तो ठराव होता. त्याच सुमारास येत्या पंचायत निवडणुकीला उभे राहा म्हणून वाड्यावरची माणसे त्यांना गळ घालत होती. विरोध कोणाचाच नव्हता. सरांनीच मला, चिटणीस म्हणून, बाजूला घेतले आणि म्हटले, "मी पोरांना बरे शिकवतो, म्हणून मी कारभारही बरा करीन, असे तुम्ही सगळे धरून चालला आहात. याला आधार काय, तो आधी दाखव. मग ठराव लिही."

त्या आधाराच्या शोधात मी बर्नार लापोर्त या फ्रेंच रग्बी प्रशिक्षकापर्यंत पोचलो. रग्बी हा खेळ आमच्या भागात नवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यांत सात जणांच्या रग्बीचा समावेश होता, आणि आमच्यापैकी अनेकांच्या कानांवर हा खेळ पहिल्यांदा पडला तो तेव्हाच. तरीही हे प्रकरण मी निवडले, कारण प्रशिक्षक, मंत्री, राष्ट्रीय महासंघाचा अध्यक्ष आणि जागतिक संघटनेचा उपाध्यक्ष ही चारही पदे एकाच माणसाने भूषवली आणि त्या प्रवासाची तपासणी न्यायालयात, कागदोपत्री, तारीखवार झाली, अशी उदाहरणे फार थोडी आहेत. अशा उदाहरणात आपल्याला ऐकीव गोष्टींवर विसंबावे लागत नाही.

लापोर्त यांचा जन्म १ जुलै १९६४ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या रोदेझ येथे झाला आणि रग्बी त्यांनी गायाक या द्राक्षमळ्यांच्या छोट्या शहरात आत्मसात केली. खेळाडू म्हणून ते स्क्रम-हाफ होते. या जागेचे काम समजून घेणे पुढच्या सगळ्या प्रकरणासाठी उपयोगाचे आहे. दोन्ही संघांचे धिप्पाड खेळाडू खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटत असतात (यालाच स्क्रम म्हणतात), चेंडू त्यांच्या पायांतून मागे येतो, आणि तो उचलून कोणाकडे, केव्हा, किती वेगाने द्यायचा हे स्क्रम-हाफ क्षणार्धात ठरवतो. तो आकाराने बहुधा संघात सर्वांत लहान असतो आणि आवाजाने सर्वांत मोठा. आपल्यापेक्षा दुप्पट वजनाच्या माणसांना हाका मारत, ढकलत, दटावत तो खेळ पुढे नेतो. १९९१ मध्ये बोर्दोजवळच्या बेग्लच्या संघाने फ्रान्सचे अजिंक्यपद जिंकले तेव्हा लापोर्त त्या संघाचे कर्णधार होते.

रग्बी युनियन हा खेळ ऑगस्ट १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी होता. त्या महिन्यात आंतरराष्ट्रीय मंडळाने खेळाडूंना पगार देण्याची मोकळीक दिली आणि काही वर्षांतच दूरचित्रवाणीचा पैसा, श्रीमंत क्लबमालक आणि जाहिरातदार या खेळात आले. लापोर्त यांची प्रशिक्षक म्हणून भरभराट नेमकी याच काळात झाली. १९९५ मध्ये त्यांनी पॅरिसच्या स्ताद फ्रान्से या क्लबाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा तो एकेकाळचा नामवंत संघ खालच्या विभागात खेळत होता. तीन वर्षांत, म्हणजे १९९८ मध्ये, तो फ्रान्सचा विजेता ठरला. १९९९ च्या विश्वचषकानंतर लापोर्त राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि २००७ पर्यंत त्या पदावर राहिले. या काळात फ्रान्सने सिक्स नेशन्स ही युरोपातल्या सहा संघांची वार्षिक स्पर्धा २००२, २००४, २००६ आणि २००७ अशी चार वेळा जिंकली. त्यांपैकी पहिल्या दोन वेळा एकही सामना न हरता जिंकली. २००३ आणि २००७ या दोन्ही विश्वचषकांत मात्र उपांत्य फेरीत इंग्लंडने फ्रान्सला रोखले.

त्यांच्या प्रशिक्षणाचा जो विशेष नेहमी सांगितला जातो तो म्हणजे शिस्त. फ्रेंच संघ सुंदर खेळतो पण ऐन वेळी डोके गमावून प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी बहाल करतो, अशी त्या संघाची जुनी ख्याती होती. लापोर्त यांनी ही सवय मोडण्यावर भर दिला आणि नियमभंग करून संघाला अडचणीत आणणाऱ्या खेळाडूची त्यांनी गय केली नाही. नियम म्हणजे काय आणि तो मोडला तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागते हे हा माणूस उत्तम जाणत होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढे जे झाले ते अज्ञानातून झाले, असे म्हणण्याची सोय त्यामुळे राहत नाही.

मंत्रिपदाचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो होताही थोडका. राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी २००७ च्या विश्वचषकाआधीच लापोर्त यांचे नाव क्रीडा राज्यमंत्री म्हणून जाहीर केले होते आणि स्पर्धा संपताच ऑक्टोबर २००७ मध्ये त्यांनी पदभार घेतला. फ्रान्समध्ये मंत्री होण्यासाठी निवडून यावे लागत नाही, उलट संसदेचा सदस्य मंत्री झाला तर त्याला आपली जागा सोडावी लागते. प्रशिक्षकाच्या बाकावरून थेट मंत्रालयात जाणे त्यामुळेच शक्य झाले. ऑक्टोबर २००८ मध्ये पॅरिसजवळच्या राष्ट्रीय मैदानावर फ्रान्स आणि ट्युनिशिया यांच्यातल्या मैत्रीपूर्ण फुटबॉल सामन्याआधी फ्रेंच राष्ट्रगीताला शिट्ट्या पडल्या, आणि उत्तर आफ्रिकेतल्या देशांशी असे सामने यापुढे त्या मैदानावर नकोत असे लापोर्त लगेच बोलून गेले. सामना संपताच खेळाडूंच्या खोलीत जे बोलले जाते ते तिथल्या चार भिंतींत राहते. मंत्री तसे बोलला की तो देशांमधला विषय होतो. जून २००९ च्या मंत्रिमंडळ फेरबदलात त्यांना वगळण्यात आले.

ते पुन्हा मैदानाकडे वळले आणि २०११ मध्ये तुलाँच्या संघाचे व्यवस्थापक झाले. या क्लबाने जगभरचे नामांकित खेळाडू एकत्र केले होते आणि अशा तारांगणाला एका सुरात खेळवणे हे काम बोलण्याइतके सोपे नसते. २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षे तुलाँने युरोपचे अजिंक्यपद मिळवले. असे करणारा तो पहिलाच क्लब होता. २०१४ मध्ये त्यांनी फ्रान्सचे अजिंक्यपदही जिंकले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला एका पंचाविषयी अपमानकारक बोलल्याबद्दल लापोर्त यांच्यावर सोळा आठवड्यांची बंदी आली होती. विजय आणि बंदी एकाच वर्षातली, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गुण: आपल्या संघासाठी काहीही करण्याची, कोणालाही भिडण्याची तयारी. प्रशिक्षकाला ही तयारी लागतेच. ज्याला आपली बाजू नाही तो प्रशिक्षक कसला?

डिसेंबर २०१६ मध्ये ते फ्रेंच रग्बी महासंघाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विद्यमान अध्यक्षांना हरवून निवडून आले. ही निवडणूक त्यांनी लहान क्लबांच्या जोरावर जिंकली. फ्रान्सभर फिरून त्यांनी गावोगावच्या क्लबांना तीन गोष्टी सांगितल्या. पॅरिसच्या दक्षिणेला कोट्यवधी युरो खर्चून महासंघाचे स्वतःचे प्रचंड मैदान बांधण्याची योजना रद्द करू, तो पैसा हौशी क्लबांकडे वळवू, आणि मोजक्या प्रतिनिधींच्या हाती मतांचे गठ्ठे देणारी जुनी पद्धत बंद करून प्रत्येक क्लबाला आपल्या जागेवरून थेट मतदान करता येईल अशी व्यवस्था आणू. मैदानाची योजना त्यांनी खरोखरच रद्द केली आणि मतदानाची पद्धतही बदलली. नोव्हेंबर २०१७ मध्ये २०२३ च्या विश्वचषकाचे यजमानपद फ्रान्सने मिळवले. तपासणी समितीने दक्षिण आफ्रिकेची शिफारस केलेली असूनही अंतिम मतदानात फ्रान्सला २४ आणि दक्षिण आफ्रिकेला १५ मते पडली. हे यश प्रामुख्याने लापोर्त यांच्या खटपटीचे मानले जाते. या माणसाने कारभारी म्हणून काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरांना हा भाग सांगताना मी मुद्दाम तपशिलात सांगितला, कारण हेतू लोकोपयोगी असणे आणि व्यवहार शुद्ध असणे या दोन गोष्टी एकत्र असतातच असे नाही, हे याच प्रकरणात स्पष्ट दिसते.

आता २०१७ सालाकडे येतो. या प्रकरणाचा गाभा त्या वर्षाच्या पाच-सहा महिन्यांत आहे.

मोहेद अल्त्राद हे सीरियात जन्मलेले, फ्रान्समध्ये शिकलेले आणि बांधकामाच्या परांचीच्या व्यवसायात अब्जाधीश झालेले उद्योजक. २०११ पासून ते मोंपेलिए येथील रग्बी क्लबाचे मालक आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये, म्हणजे अध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, लापोर्त यांच्या खासगी कंपनीने अल्त्राद यांच्या उद्योगसमूहाशी करार केला. समूहाच्या कार्यक्रमांत भाषणे देणे, आपल्या नावाचा आणि प्रतिमेचा वापर करू देणे, असे त्याचे स्वरूप होते आणि मोबदला १,८०,००० युरो होता. हा करार महासंघात कोणाला सांगितलेला नव्हता. मार्च २०१७ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाच्या जर्सीवर विश्वचषकाच्या यजमानपदासाठीच्या बोलीच्या प्रचाराच्या निमित्ताने अल्त्राद समूहाचा शिरकाव झाला आणि पुढे त्याच समूहाचे नाव जर्सीच्या छातीवर आले. तोपर्यंत त्या निळ्या जर्सीच्या छातीवर कोंबड्याचे चिन्ह असे, पुरस्कर्ता म्हणून कोणत्याही कंपनीचे नाव नसे.

तिसरी घटना जूनच्या शेवटाची. मोंपेलिएच्या क्लबावर शिस्तभंगाची कारवाई झाली होती आणि प्रकरण महासंघाच्या अपील समितीपुढे होते. ही समिती महासंघाचीच, पण न्यायनिवाडा करणारी, म्हणून अध्यक्षापासून स्वतंत्र. ३० जून २०१७ रोजी लापोर्त यांनी त्या समितीच्या प्रमुखाला फोन केला. त्यानंतर समितीचा आधी ठरलेला निर्णय बदलला आणि ७०,००० युरोंचा दंड २०,००० युरोंवर आला. समितीच्या काही सदस्यांनी राजीनामे दिले. ऑगस्टमध्ये एका फ्रेंच साप्ताहिक वृत्तपत्राने खासगी करार आणि हा फोन या दोन्ही गोष्टी छापल्या, आणि त्यानंतर लापोर्त यांनी करार सोडून दिल्याचे जाहीर केले. आपण कोणावर दबाव आणला नाही, क्लबांशी संबंध चांगले राहावेत एवढाच हेतू होता, हे त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत कायम राहिले.

या फोनवर मी बराच विचार केला आहे. त्यात नेमके काय बोलले गेले यापेक्षा तो कोणी कोणाला केला हेच मला निर्णायक वाटते. अध्यक्षाने समितीच्या प्रमुखाला फोन केला आणि त्यात हवापाण्याच्या गप्पा जरी मारल्या, तरी दुसऱ्या दिवशी ज्या क्लबाचे प्रकरण समितीपुढे आहे त्याचा विषय निघाला की तो फोन सूचना ठरतो. लापोर्त यांना हे कदाचित खरोखर जाणवले नसेल. तीस वर्षे त्यांचे काम असेच चालले होते. मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडायचे, सामन्याच्या मध्यंतरात एखाद्याला कोपऱ्यात घेऊन दोन शब्द सांगायचे, मालकाला फोन करून खेळाडू मिळवायचा, अडलेले काम बोलून सोडवायचे. प्रशिक्षकाच्या हातातले मुख्य साधन म्हणजे त्याचा शब्द, आणि तो थेट माणसाला जाऊन भिडावा हेच त्याचे कौशल्य. स्क्रममधून चेंडू काढून योग्य माणसाकडे पोचवायचा हेच ते लहानपणापासून करत आले होते. महासंघाच्या अध्यक्षाचे काम मात्र पुष्कळदा हात मागे घेण्याचे असते. समिती निर्णय घेत असताना तिच्या दारापाशीही न जाणे, पैसे देणाऱ्याशी आपले खासगी देणेघेणे असेल तर ते आधी सांगणे आणि त्या विषयाच्या वेळी खोलीबाहेर बसणे, या गोष्टी कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात शिकवल्या जात नाहीत. त्या वेगळ्याने शिकाव्या लागतात, आणि पद मिळण्याआधी शिकाव्या लागतात.

फ्रान्सच्या आर्थिक गुन्ह्यांच्या राष्ट्रीय अभियोक्त्यांनी २०१७ च्या अखेरीस चौकशी सुरू केली आणि २०१८ च्या सुरुवातीला महासंघाच्या कार्यालयासह अनेक ठिकाणी झडत्या झाल्या. सप्टेंबर २०२० मध्ये लापोर्त यांना चौकशीसाठी ताब्यात घेऊन सोडण्यात आले, आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ३ ऑक्टोबर २०२० रोजी, महासंघाच्या निवडणुकीत ते ५१.४७ टक्के मते घेऊन पुन्हा निवडून आले. त्याआधी मे २०२० मध्ये ते जागतिक रग्बी संघटनेचे उपाध्यक्षही झाले होते.

हा आकडा ऐकल्यावर आमच्या बैठकीत एक खजील शांतता पसरली, कारण प्रत्येकाला आपल्या आसपासचे काही ना काही आठवले असावे. क्लबांनी त्यांना पुन्हा का निवडले? लोक आंधळे होते, हे उत्तर मला पटत नाही. लहान क्लबांना त्यांच्यामुळे पैसा मिळाला होता, मताचा थेट अधिकार मिळाला होता, विश्वचषक देशात येणार होता. ज्याने आपल्याला काही दिले त्याच्या पाठीशी उभे राहावे ही माणुसकीची भावना आहे, आणि गैरव्यवहाराचा आरोप सिद्ध होईपर्यंत कोणाला दोषी मानू नये हेही खरे आहे. म्हणूनच हे काम मतदारांवर सोडून चालत नाही. मतपेटी लोकप्रियता मोजते. हितसंबंध उघड झाले की नाही हे तपासणे तिच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी आधीच लिहून ठेवलेला नियम लागतो आणि तो लागू करणारा तिसरा माणूस लागतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात खटला चालला आणि १३ डिसेंबर २०२२ रोजी निकाल लागला. न्यायालयाने लापोर्त यांना भ्रष्टाचार, पदाच्या प्रभावाचा गैरवापर आणि हितसंबंधांविषयीचा गुन्हा यांसाठी दोषी धरले, दोन वर्षांची निलंबित कैद आणि ७५,००० युरोंचा दंड ठोठावला आणि रग्बीत पद भूषवण्यास दोन वर्षांची मनाई केली. अल्त्राद यांना अठरा महिन्यांची निलंबित कैद आणि ५०,००० युरोंचा दंड झाला. लापोर्त यांनी अपील केल्यामुळे मनाई लगेच अमलात आली नाही. हा पहिल्या न्यायालयाचा निकाल आहे, एवढे भान ठेवून आपण त्याकडे पाहिले पाहिजे. या निकालातला एक धागा आपल्याकडच्या क्लबांनीही ध्यानात घ्यावा असा आहे. फ्रेंच महासंघ ही कायद्याने एक खासगी संस्था आहे, आपल्याकडच्या नोंदणीकृत संस्थेसारखी. पण राष्ट्रीय संघ निवडणे, स्पर्धा घेणे, शिस्त लावणे हे सार्वजनिक काम राज्याने तिच्याकडे सोपवले आहे, आणि ते काम करणाऱ्यावर सरकारी अधिकाऱ्याप्रमाणेच हितसंबंधांचा कायदा लागू होतो.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. जागतिक संघटनेतल्या कामातून ते बाजूला झाले. फ्रान्सच्या क्रीडामंत्र्यांनी महासंघावर नेतृत्व बदलासाठी दबाव आणला. लापोर्त यांनी काही काळासाठी आपल्या जागी सुचवलेल्या सहकाऱ्याला क्लबांनी निसटत्या बहुमताने नाकारले आणि जानेवारी २०२३ च्या अखेरीस त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. ज्या थेट मतदानासाठी त्यांनी सहा वर्षांपूर्वी प्रचार केला होता, त्याच मतदानाने त्यांचा शेवटचा डाव अडवला. ज्या विश्वचषकासाठी ते झटले तो सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा ते कोणत्याही पदावर नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मोंपेलिएच्या संघाचे रग्बी संचालक म्हणून मैदानावर परतले, म्हणजे अल्त्राद यांच्याच क्लबात. क्लबाच्या नोकरीत यात गैर काही नाही. मालकाचा संघ जिंकावा म्हणून झटणारा माणूस तिथे हवाच असतो, आणि ते काम त्यांना येतेही.

आपल्याकडे हा प्रश्न क्रिकेटच्या निमित्ताने ऐरणीवर आला. क्रिकेट मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना आयपीएलमधल्या संघांत व्यापारी हितसंबंध ठेवता यावेत म्हणून २००८ मध्ये मंडळाच्या नियमात जी दुरुस्ती झाली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २०१५ रोजी रद्द ठरवली. १८ जुलै २०१६ च्या निकालात न्यायालयाने मंडळाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या लोढा समितीच्या बहुतेक शिफारशी स्वीकारल्या आणि मंत्र्यांना व सरकारी नोकरांना मंडळाची पदे घेण्यास मनाई केली. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला आणि त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ व क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. या साऱ्याचा रोख राष्ट्रीय पातळीच्या संघटनांकडे आहे. तालुक्यातल्या क्लबापर्यंत तो पोचायला वेळ लागेल, आणि तोवर आम्हाला आमचे नियम आम्हीच लिहावे लागतील.

गोव्यात हे अधिक निकडीचे आहे. इथला फुटबॉल अनेक वर्षे खाण कंपन्यांच्या आधारावर उभा होता. धेंपो, साळगावकर, सेझा ही नावे एकाच वेळी उद्योगांची आणि संघांची होती. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेतून बाहेर पडले. आता जर्सीवर नाव घालायला जो कोणी तयार होईल तो देवासारखा वाटतो. राजकारण आणि मैदान यांच्यातले अंतरही इथे कमी आहे. चर्चिल आलेमांव यांच्यासारखा नेता मुख्यमंत्री, खासदार आणि देशाचे अजिंक्यपद मिळवणाऱ्या फुटबॉल क्लबाचा प्रमुख अशा सगळ्या भूमिकांत गोव्याने पाहिला आहे. विधानसभेच्या मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार असतात आणि पंचायतीच्या प्रभागात तर काहीशेच. अशा जागी पुरस्कर्ता, मतदार, खेळाडूचा बाप आणि पंच ही चार माणसे पुष्कळदा एकाच जत्रेच्या रांगेत उभी असतात. सगळे नात्यातले, ओळखीचे. फोन करायला इथे कारणही लागत नाही.

मी स्वतः यातून गेलो आहे. काही वर्षांपूर्वी क्लबाच्या जर्सी मी माझ्या मावसभावाच्या दुकानातून आणल्या. तीन ठिकाणचे दर मागवायचे असतात, ते मी मागवले नाहीत, कारण भाव बाजारापेक्षा कमीच होता आणि वेळ थोडा होता. पावती पुस्तकात निळ्या कार्बनखाली उमटलेले ते बिल अजून आहे. वार्षिक सभेत एका सोळा वर्षांच्या मुलाने मला विचारले, "काका, दुकान तुमच्या घरचेच ना?" क्लबाचा एक पैसाही बुडाला नव्हता, तरी माझ्याकडे उत्तर नव्हते. तो मुलगा पुढच्या हंगामात आमच्याकडे खेळायला आला नाही. कदाचित त्याला दुसरी कारणे असतील, पण त्या प्रश्नानंतर मी त्याला नजर देऊ शकलो नाही, हे खरे आहे.

हे सगळे मी बैठकीत वाचून दाखवले तेव्हा आमचे खजिनदार म्हणाले की यासाठी फ्रान्सपर्यंत जायची गरज नव्हती, आपल्या देवळातच उदाहरण आहे. गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार महाजनांनी, म्हणजे देवळाचे वंशपरंपरागत हक्कदार असलेल्या घराण्यांतल्या माणसांनी, निवडलेली समिती पाहते. अध्यक्ष, मुखत्यार, चिटणीस, खजिनदार अशी तिची रचना आणि त्यासाठीचे नियम पोर्तुगीज काळापासून लिहिलेले आहेत. आमच्या देवळात पावणीच्या वेळी, म्हणजे देवाला वाहिलेल्या फळांचा लिलाव होतो तेव्हा, समितीवरचा माणूस बोली लावत नाही. ही रीत कोणी सुरू केली हे कोणाला आठवत नाही. समितीवर असताना एखाद्याला देवापुढचा फणस घ्यावासा वाटला तर तो मनातच ठेवतो आणि तीन वर्षांनी, पदावरून उतरल्यावर, बोलीला उभा राहतो. बोली लावली असती तरी पैसा देवाच्याच पेटीत गेला असता. तरीही नाही लावत. खजिनदारांचे हे बोलणे मला माझ्या सगळ्या टिपणांपेक्षा नेमके वाटले.

सर हे सारे शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, "म्हणजे मी अध्यक्ष होऊ नये, असे तुमचे मत?"

मी म्हटले, "सर, व्हा. पण अध्यक्ष झालात की निवड समितीत बसू नका, आणि पंचायतीला उभे राहिलात तर निकालापर्यंत क्लबाचे पैसे तुमच्या सहीने निघू नयेत. तुम्ही मुलांची बाजू घेत आलात. आता काही ठिकाणी तुम्हाला कोणाचीच बाजू घेता येणार नाही. ते जमेल का, हे तुम्हीच सांगायचे."

त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. पंधरा दिवसांनी ते क्लबात आले आणि ठराव पुरा करण्यापूर्वी एक वेगळी वही घालायला सांगितली. तिच्यात प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपले नाते, दुकान, जमीन, पुरस्कर्त्याशी देणेघेणे, यांपैकी जे क्लबाच्या कामाला स्पर्श करते ते आपल्या हाताने लिहायचे, आणि ती वही क्लबात येणाऱ्या कोणालाही पाहायला मिळायला हवी. मी माझ्या मावसभावाचे दुकान लिहिले, जुन्या बिलाच्या तारखेसह. त्याच्यावर, पहिल्या ओळीत, सरांचे ठसठशीत शाळामास्तरी अक्षर आहे: "माझा धाकटा मुलगा चौदा वर्षांखालील संघाच्या निवडचाचणीला बसणार आहे. त्या दिवशी मी मैदानावर येणार नाही, आणि निवड समितीतल्या कोणालाही त्या आठवड्यात फोन करणार नाही."